सत्तावीस कॅसेटींचा देव

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. पाल, लिफ्ट, फोनवर "आधी बस, मग सांगते" असं म्हणणारी माणसं, सगळ्यांना मी घाबरते. नवरा म्हणतो, तू कुकरच्या शिट्टीलाही दचकतेस. दचकतेच. त्यामुळे जोगेश्वरी पूर्वेला ज्या काकांकडे मी तीन वर्षं पेइंग गेस्ट होते, त्यांच्याबद्दल सांगताना मध्येच माझी गाडी अडखळली तर समजून घ्या. त्या माणसाने माझ्याकडे कधी साधं डोळे वटारूनही पाहिलं नाही. तरी आयुष्यात मी सगळ्यात जास्त घाबरले ती त्यांच्याच घरात.

पहिल्याच रविवारी सकाळी सातला भिंतीपलीकडून असा काही आवाज झाला की मला वाटलं, सिलिंडर गेला. उशी छातीशी धरून मी बाहेर पळाले. बाहेर काका आंघोळ करून, गंध लावून, उघड्या अंगाने पाटावर बसलेले. समोर देव्हारा. देव्हाऱ्यात गणपती, देवी, आणि त्यांच्या शेजारी दोन स्पीकरचा जुना टेप. टेपला हळदकुंकू वाहिलेलं. आतून कोणी गोरा माणूस घसा फाडून ओरडत होता, गिटारची कापाकापी चालली होती आणि काकू खुर्चीत बसून शांतपणे मटार सोलत होत्या.

"घाबरलीस?" काकू म्हणाल्या. "पूजा चाललीय गं. तोंड धू, चहा ठेवलाय."

काका एका कारखान्यातून ड्राफ्ट्समन म्हणून रिटायर झालेले. अक्षर असं, की छापलंय असं वाटावं. मूळचे मालवणच्या बाजूचे, गावच्या देवळाच्या गुरवाच्या घरातले. तिकडे लग्न, विहीर, आजारपण, काहीही ठरवायचं असलं की देवाला कौल लावतात. गुरव फुलाच्या ओल्या पाकळ्या पाषाणाच्या दोन्ही बाजूंना चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवापुढे मोठ्याने अडचण मांडतो. जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. मग सगळे पाकळ्यांकडे बघत बसतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. हे सगळं मला, नगरच्या मुलीला, काकांनीच शिकवलं. गाव त्यांनी एकोणिसाव्या वर्षी सोडलं होतं. का सोडलं, असं विचारलं की म्हणायचे, "पोटासाठी, आणि कशासाठी?" आणि चष्मा पुसायला घ्यायचे.

देऊळ सुटलं, कौल काही सुटला नाही. कारखान्यात त्यांच्या शेजारच्या टेबलावर गोराईचा एक ख्रिश्चन माणूस होता. तो गल्फला जाताना काकांना इंग्रजी रॉकची एक कॅसेट देऊन गेला. "एक शब्द कळलो नाय," काका सांगायचे, "पण माणूस गाऱ्हाणा घालता, ह्या कळला." मग त्यांनी मिळेल तिथून कॅसेटी जमवल्या आणि सत्तावीस झाल्यावर थांबले. नक्षत्रं सत्तावीस, म्हणून. सगळ्यांची लेबलं त्यांनी खरवडून काढली आणि देव्हाऱ्याखालच्या खणात लाल कापडाखाली ठेवून दिल्या.

कौल लावायचा तर डोळे मिटून एक कॅसेट काढायची, टेपात घालायची, बटण दाबायचं. पहिली जी अख्खी ओळ ऐकू येईल तो कौल. नियम दोनच. कॅसेट जिथे थांबली तिथेच राहू द्यायची, मागेपुढे करायची नाही. आणि ओळ नीट ऐकू आली नाही, तर डावा धरायचा.

"काका, एवढा व्याप कशाला?" मी एकदा म्हटलं. "फोनवर सगळी गाणी असतात. डोळे मिटून बोट लावा की."

"फोन माका वळाखता," ते म्हणाले. "मला काय आवडतं ते त्याला पक्कं ठाऊक. तो माझ्याच मनातलं वाजवणार. देव आपल्या मनातलं नाय सांगत गो, त्याच्या मनातलं सांगतो."

मी अंधेरीला एका कंपनीत हेडफोन लावून अमेरिकन डॉक्टरांचं बोलणं टाइप करायचे. म्हणजे त्या लोकांचे उच्चार माझ्या कानावरून रोज जात होते. काकांना इंग्रजी वाचता यायचं, पण गाण्यातलं धड कळायचं नाही. "तुझो कान बरो आसा," असं म्हणून त्यांनी मला धरलं. दर रविवारी मी एक गाणं ऐकून लिहून द्यायचे आणि काका दोनशे पानी वहीत त्याचा अर्थ लावायचे. वहीच्या पहिल्या पानावर किल्ली होती. बेबी म्हणजे जीव. तू म्हणजे देव. हायवे म्हणजे संसार. मी हसून हसून मेले.

"अहो काका, तो त्याच्या गर्लफ्रेंडला म्हणतोय!"

"आपले संत विठोबाला आई म्हणतात, नवरा म्हणतात, शिव्यासुद्धा घालतात. ते चालतं तुला?"

"आणि हे? हे सरळ सरळ गांजावर आहे."

"मग? महादेव काय कॉफी पिता?"

"बरं, पण एवढं बोंबलायचं कशाला?"

यावर ते हसले नाहीत. पेन खाली ठेवून म्हणाले, "शेजारी बसलेल्याला कोण हाक मारतं? लांब गेलेल्याला मारतात. जितका लांब, तितका मोठ्याने."

कधी कधी संध्याकाळी ते जोगेश्वरीच्या गुंफेत जाऊन बसत. एकदा मीही गेले. आत ओल, अंधार, वरून पाणी ठिबकतंय, देवीपुढे एक दिवा. काकांनी खांबाला टेकून एका गाण्याची चाल हळूच गुणगुणली आणि ती आतल्या अंधारातून परत आली, जरा उशिराने, जरा जाड होऊन. "बघ, उत्तर इला," ते म्हणाले. मी बाहेर येऊन रिक्षाच्या हॉर्नचे आवाज ऐकत उभी राहिले तेव्हा कुठे जिवात जीव आला.

तोवर हे सगळं मला गमतीचंच वाटत होतं. मग ऑफिसच्या मैत्रिणींनी गोराईला पिकनिक ठरवली. मी चेष्टेत म्हटलं, काका, लावा कौल. त्यांनी रीतसर गाऱ्हाणं घातलं, काकू आणि मी "व्हय म्हाराजा" म्हटलं, आणि टेपातून ओळ आली, पाण्याजवळ जाऊ नकोस अशा अर्थाची. डावा. मी हसले. आणि गेले नाही! मैत्रिणी संध्याकाळी काळ्याठिक्कर पडून, वाळूने भरलेल्या, हसत परत आल्या. मी तणतणत काकांकडे गेले, "बघा, काहीसुद्धा झालं नाही."

"तू गेली नव्हतीस ना," काका शांतपणे म्हणाले.

मी नाक मुरडून खोलीत आले. पण त्या दिवसापासून भीतीने माझ्यात घर केलं. नवी चप्पल घ्यायची तरी मनात यायचं, कौल लावावा का?

तिसऱ्या वर्षी काकांना जिना चढताना छातीत दुखायला लागलं. दोन दिवस हॉस्पिटलात ठेवून तपासण्या केल्या. नळ्या जवळजवळ बंद. डॉक्टर म्हणाले, आठवड्याच्या आत बायपास करा, थांबण्यासारखं नाही. दिवसभर असलेच रिपोर्ट टाइप करणारी मी. मला ते कागद वाचता येत होते आणि वाचता येत नसते तर बरं झालं असतं, असं वाटत होतं.

काका कॉटवर बसून म्हणाले, "घरी जाऊन कौल लावूया. उजवा आला तर येतो."

काकू मला बाहेर ओढून म्हणाल्या, "डावा आला तर हे मरतील गं. उठायचेच नाहीत. मी ओळखते ना ह्यांना." मग माझं मनगट घट्ट धरून अगदी हळू म्हणाल्या, "ते अजून दोन दिवस इथेच आहेत. आपण कॅसेटी लावून ठेवूया."

त्या दोन दुपारी त्यातच गेल्या. काकू आणि मी, दारं-खिडक्या लावून, लाल कापड बाजूला करून. एकेक कॅसेट घालायची, चांगली ओळ सापडेपर्यंत पुढे पळवायची, आणि ओळीच्या अगदी तोंडाशी थांबवायची. रॉकवाल्यांना शुभ बोलायची काय ॲलर्जी असते देव जाणे! जिथे थांबावं तिथे आग, काळोख, कबर, नाहीतर बायको सोडून गेलेली. काकूंना इंग्रजीचा गंध नव्हता. त्या माझ्या तोंडाकडे बघून ठरवायच्या. माझ्या कपाळाला आठी पडली की म्हणायच्या, "पुढे कर, पुढे कर." एकात 'उद्या उजाडेल' असं सापडलं तेव्हा त्यांनी टेपला हात जोडले. एका कॅसेटमध्ये बरं म्हणावं असं काहीच मिळेना. शेवटी 'मला भूक लागलीय' यावर थांबवली. काकू म्हणाल्या, "असू दे. जित्या माणसालाच भूक लागते."

"पाप लागेल का गं?" सत्ताविसावी ठेवताना त्यांनी विचारलं.

"लागलं तर अर्धं अर्धं वाटून घेऊ," मी म्हटलं.

काका घरी आले. सकाळी आंघोळ, गंध, पाट. बसताना त्यांना धाप लागली. त्यांनी हात जोडले आणि आवाज चढवला, "बा देवा म्हाराजा! ह्या लेकराच्या काळजाच्यो नळ्यो तुंबल्यो, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," आम्ही.

"डॉक्टर म्हणता कापूक व्हया. जाऊ की नको, ता तूच सांग, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

त्यांनी डोळे मिटून खणात हात घातला, कॅसेट काढली, टेपात घातली, बटण दाबलं. सत्तावीस ओळी मला तोंडपाठ होत्या. जी ओळ आली, ती त्यातली नव्हती. कॅसेटला दोन बाजू असतात, हे आम्ही दोघी शहाण्या साफ विसरलो होतो!

पूल पडलाय, बेबी, मागे फिर. गाणारा अगदी स्वच्छ, एकेक शब्द सुटा करून म्हणत होता. शेजारी काकू हसऱ्या चेहऱ्याने माझ्याकडे बघत होत्या. त्यांना वाटत होतं, आपली ओळ लागली.

"काय म्हणता तो?" काकांनी विचारलं.

"पूल भक्कम आहे, बेबी, पुढे ये," मी म्हटलं. "असं म्हणतोय."

"नक्की?"

"नक्की. माझं कामच आहे ते, काका."

त्यांनी चष्मा काढून पुसला. परत लावून माझ्याकडे बघितलं. मग वही ओढून काहीतरी लिहिलं, मिटली आणि म्हणाले, "उजवो." काकूंनी पदर तोंडाला लावला.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी हॉस्पिटलात गेले तेव्हा काकू फॉर्मवर सह्या करायला खाली गेल्या होत्या. काकांची छाती भादरलेली. पिसं काढलेल्या कोंबडीसारखे दिसत होते. मला बसायला सांगून ते म्हणाले, "गाव का सोडलं, ते विचारायचीस ना?"

आणि सांगितलं. त्यांचे वडील आजारी पडले होते. पोट फुगलं होतं, तालुक्याला न्यायला हवं होतं. गावाने म्हटलं, आधी कौल. वडीलच गुरव, तेच आडवे, म्हणून पाकळ्या यांनी लावल्या. एकोणीस वर्षांचं पोर. सगळे डोळे मिटून "व्हय म्हाराजा" म्हणत असताना पाकळी पडली. डावी. "मी बघितली. ती गुपचूप परत चिकटवली आणि बोटाने उजवी पाडली. बाप होता गो माझा." वडिलांना बैलगाडीत घालून निघाले आणि अर्ध्या वाटेत ते गेले. गावाला कधी कळलं नाही. यांनी मात्र पुन्हा कधी पाकळीला हात लावला नाही. "म्हणून यंत्र घेतला. यंत्राक बाप नसता."

मी खुर्चीची कड घट्ट धरली होती. तोच खोटेपणा. तशीच दवाखान्याची वाट. आता खरं सांगितलं तर हा माणूस अंगावर चादर ओढून तसाच घरी चालता होईल आणि आठ दिवसांत मरेल. नाही सांगितलं, तर उद्या... मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "काका, पाणी देऊ?"

"दे," ते म्हणाले. पाणी पिऊन माझ्या हातावर हात ठेवला. "माणूस घाबरला की बोट पुढे जाताच. त्याका इलाज नाय." मला वाटलं, यांनी मला पकडलंय. मग वाटलं, छे, कसं शक्य आहे. दोन्हीची भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सहा तास आम्ही बाहेरच्या खुर्च्यांवर बसलो. काकू अगदी निर्धास्त होत्या. "आपणच लावलेला कौल आहे, काही होत नाही," असं माझ्या कानात सांगून त्यांनी चक्क डबा उघडला. मी एकटीच ऑपरेशनच्या दाराकडे बघत होते. दार उघडलं की वाटायचं, आता मला विचारणार, पूल कसा होता, सांग. मनातल्या मनात मी त्या ओरडणाऱ्या गोऱ्या माणसाच्या पाया पडले. चुकले, म्हटलं, माझं काय करायचं ते कर, ह्यांना सोड.

काका वाचले. चांगले ठणठणीत झाले, दोन महिन्यांत गुंफेपर्यंत चालत जायला लागले. तुम्ही म्हणाल, संपली ना मग भीती? कसली संपते! काहीसुद्धा झालं नाही, हे मी पिकनिकच्या वेळीही म्हटलं होतं. काका खोकले की माझा घास अडकायचा. त्यांना शिंक आली तरी वाटायचं, आला, कौल आला मागे. त्यांच्या नजरेला नजर देणं मला जमेना. शेवटी ऑफिस लांब पडतं अशी थाप मारून मी बोरिवलीला गेले. अंधेरीला जायला बोरिवली जास्त लांब, हे शेंबडं पोरही सांगेल. काकांनी बॅग खाली रिक्षापर्यंत आणून दिली.

मग त्यांचे फोन येत. "येतस मगे?"

"येते ना काका, पुढच्या रविवारी."

"येते म्हणू नको. ये."

मी गेले नाही. माझं लग्न झालं, मुलगी झाली, पाच वर्षं मी बोरिवलीहून जोगेश्वरीला गेले नाही. आणि मग काकूंचा फोन आला. दुपारी जेवून खुर्चीत बसले होते, म्हणाल्या, तसेच गेले. त्रास काही झाला नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेले. घर तेच, टेपला हळदकुंकू तेच. काकूंनी चहा दिला, वही आणून समोर ठेवली आणि म्हणाल्या, "मला ह्यातलं काय कळतं? पण शेवटी शेवटी नुसतं 'मुलगी, मुलगी' लिहिलंय. म्हटलं, तुझंच असणार."

मी आधी ते पान काढलं. छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: "प्रश्न: ऑपरेशनला जावं का? ओळ: पूल पडला आहे, जिवा, मागे फिर. (गोराईवाल्याची कॅसेट. इतकी वर्षं ऐकून ऐकून पाठ झाली आहे.) टेप डावा बोलला. मुलगी उजवा बोलली. मुलीचा धरला."

म्हणजे त्यांना ऐकू आलं होतं. पूल पडलाय हे माहीत असून ते माझ्या शब्दावर त्या टेबलावर जाऊन झोपले होते. आणि आदल्या संध्याकाळी बापाची गोष्ट त्यांनी मला भिववायला सांगितली नव्हती. मी वहीवर डोकं ठेवून भडाभडा रडले. काकू पाठीवरून हात फिरवत होत्या, का ते न कळता.

पुढची पानं काकूंनी म्हटल्यासारखीच होती. "प्रश्न: मुलीला सांगू का, की मला ऐकू आलं होतं? ओळ: नीट ऐकू आली नाही. नियमाने डावा." दोन महिन्यांनी पुन्हा: "मुलगी घाबरून येत नाही. सांगू का? ओळ: कान चालत नाही. नियमाने डावा." पाच वर्षं. तोच प्रश्न, तेच उत्तर. ऐकायला कान लागत होता तो माझा, आणि मी बोरिवलीला दडून बसले होते. आणि हा शहाणा माणूस! एकदा नियम मोडला होता ना माझ्यासाठी? मग आणखी एकदा मोडायला काय झालं होतं? मला त्यांचा इतका राग आला की टेप उचलून आपटावासा वाटला.

"शेवटची कॅसेट आतच आहे," काकू म्हणाल्या. "आदल्या रविवारची. मी हात लावला नाही."

नियमाप्रमाणे मागे न्यायची नसते. मी नेली. जराशीच, एका ओळीपुरती. बटणावर बोट ठेवलं आणि ते दाबेना, इतकी भीती वाटत होती. काय म्हणाला असेल तो? नको सांगू, असंच म्हणाला असेल तर? सांग म्हणाला असेल, तर मग मी कुठे तोंड लपवू? काकू समोर हात जोडून बसल्या होत्या. मी दाबलं.

फीत झिजलेली. आवाज वर-खाली होत होता. गिटार थांबली आणि तो माणूस ओरडला, एकच शब्द, लांबच लांब ताणून, श्वास संपेपर्यंत. मग परत तोच. मग परत. काकांना कळला नव्हता, त्यात नवल नव्हतं. बेबी. बेबी. बेबी.

"काय म्हणतोय गं?" काकूंनी विचारलं.

या वेळी मी खरं सांगितलं. "काही नाही, काकू. जिवा, जिवा, म्हणून नुसता हाका मारतोय."

काकूंनी डोळे मिटले आणि सवयीने म्हणाल्या, "व्हय म्हाराजा."